कॉफी, गाळणी आणि माझा लिपिड प्रोफाइल

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा माझ्याकडे ‘रक्तातील मेद’ या विषयावर लेख मागितला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. आपल्या मंडळातील निम्मे वाचक या विषयात माझ्याहून अधिक जाणते आहेत आणि उरलेले निम्मे, म्हणजे त्यांचे कुटुंबीय, असा लेख दिसताच पान उलटतात, हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. शेवटी तडजोड झाली ती अशी की मी कॉफीवर लिहावे आणि मेदाचा विषय ओघाने आला तर येऊ द्यावा. तो येणारच होता. मागील काही वर्षांत आमच्या घरात या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या राहिलेल्याच नाहीत.

माझे बालपण दांडिया बाजारातल्या एका वाड्यात गेले. घरात चहा रोजचा. कॉफीचा मान निराळा. ताप उतरलेल्या माणसाला, उपवासाच्या दिवशी, पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला आणि गणपतीतल्या गाण्याच्या बैठकीत मध्यरात्री जमलेल्या सर्वांना कॉफी मिळे. एरवी मुलांनी मागितली तर ‘आजारी आहेस का?’ असा प्रश्न येई. फडताळात वरच्या फळीवर पोलसनचा डबा असे. पेस्तनजी एडलजी दलाल या पारशी गृहस्थांनी १८८८ साली, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, मुंबईत कॉफी दळून विकण्याचा धंदा सुरू केला. त्यांच्या टोपणनावावरून पोलसन हे नाव आले. चिकोरी मिसळलेली त्यांची ‘फ्रेंच कॉफी’ मराठी घरांत इतकी रुळली की कॉफी म्हणजे पोलसन असेच आम्ही समजत होतो. पुढे १९३० मध्ये याच पोलसनने आणंदला दुग्धालय काढले, आणि त्याच्या मक्तेदारीला कंटाळलेल्या खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये आपला सहकारी संघ स्थापन केला. अमूल ती हीच. म्हणजे आमच्या पातेल्यात कॉफी एका पक्षाची आणि दूध दुसऱ्या पक्षाचे, असा प्रकार पुष्कळ वर्षे चालला होता. चवीत मात्र त्याचा मागमूस नसे.

आईची कृती आजही डोळ्यांपुढे आहे. कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात पाणी आणि साखर उकळायची, त्यात कॉफीची पूड घालून आणखी एक-दोन उकळ्या आणायच्या, पातेले उतरवून वर झाकण ठेवायचे आणि पूड खाली बसली की पंचाच्या फडक्यातून गाळून घ्यायची. मग उकळते दूध, आणि शेवटी किसणीवर दोनदाच फिरवलेले जायफळ. ते फडके फक्त कॉफीसाठीच राखलेले असे. धुऊन धुऊन त्याला गेरूसारखा रंग चढलेला होता, आणि स्वयंपाकघरातल्या एका ठरावीक खुंटीवरून त्याला दुसऱ्या कोणत्याही कामासाठी हलवण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. कॉफीने झोप उडते आणि जायफळाने लागते, तेव्हा दोन्ही एकत्र घेतले की हिशेब फिटतो, असे आईचे औषधशास्त्र होते. चिमूटभर जायफळाने झोप येते याला फारसा पुरावा नाही. उलट काही ग्रॅम पोटात गेल्यास छातीत धडधड आणि भ्रम होतो, हे आपल्यापैकी ज्यांनी असा रुग्ण पाहिला आहे ते विसरणार नाहीत.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात कॉफीचे निराळेच रूप भेटले. झटपट कॉफीची पूड आणि साखर पेल्यात घ्यायची, चार थेंब पाण्यात ती पांढुरकी होईपर्यंत चमच्याने फेटायची आणि वरून गरम दूध ओतायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री फेटण्याचे हे काम ज्याचा अभ्यास सर्वांत कमी झालेला त्याच्याकडे असे, कारण त्याला तेवढाच विसावा. २०२० च्या टाळेबंदीत हीच कॉफी ‘डालगोना’ नावाने जगभर गाजली, तेव्हा ती कोरियातून आली असे आमच्या मुलीने मला गंभीरपणे सांगितले होते.

१९८७ साली आम्ही अलकापुरीत राहावयास आलो. त्या काळात कोयलीची रिफायनरी आणि तिच्या आसपासचे रासायनिक कारखाने यांच्यामुळे दक्षिणेकडची पुष्कळ अभियंता मंडळी बडोद्यात स्थायिक झाली होती. आमच्या शेजारचे कुटुंब तमिळ होते. त्या घरच्या मामींनी आमच्या सौ.ना पितळी फिल्टर भेट दिला आणि तो कसा भरायचा तेही शिकवले. वरच्या भांड्यात ताजी दळलेली पूड हलकेच दाबायची, वरून उकळते पाणी घालायचे आणि मग पंधरा-वीस मिनिटे त्याच्याकडे पाहावयाचेही नाही. खालच्या भांड्यात थेंबथेंब उतरलेला दाट काळा अर्क दोन-तीन चमचे घ्यायचा आणि बाकी सगळे दूध. आईच्या कॉफीत जायफळ पुढे असे. इथे कॉफीची स्वतःची चव प्रथमच जिभेवर आली. त्या पुडीतही चिकोरी असेच. चिकोरी हे एक मूळ आहे. ते भाजून दळतात, त्यात कॅफीन मुळीच नसते, आणि आपल्याकडे जामनगरच्या भागात व चरोतरात त्याचे पीक निघते. मामी कुंभकोणमची आठवण काढून जी कॉफी पीत, तिच्यातला काही भाग कदाचित बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर उगवलेला असावा. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. कॅफीन कमी करावयाचे असलेल्या रुग्णाला मी ते पाकीट वाचावयास सांगतो. उलट, चिकोरीविरहित कॉफी ‘शुद्ध’ म्हणून नव्याने घेणाऱ्याला हातपाय का थरथरतात याचे उत्तरही तिथेच सापडते.

२०२३ च्या दिवाळीत मुलगी बंगळूरहून आली ती काचेचा एक उंच कप घेऊन. फ्रेंच प्रेस असे त्याचे नाव. जाडसर दळलेली कॉफी त्यात घालायची, गरम पाणी ओतायचे, चार मिनिटे थांबायचे आणि जाळी बसवलेला दट्ट्या खाली दाबायचा. “बाबा, दूध-साखर सोड. एवढ्या रुग्णांना सांगतोस, स्वतः कधी सोडणार?” हा तिचा युक्तिवाद बिनतोड होता. मी दूध-साखर सोडली. संध्याकाळचा दवाखाना मी कमी केला होता, आणि पावसाळ्यात अलकापुरीचे गरनाळे पाण्याने भरले की स्टेशनपलीकडचे रुग्ण येत नाहीत. अशा वेळी हाताशी पुस्तक आणि तो काचेचा कप. काळ्या कॉफीचे चार मोठे मग, म्हणजे पाऊण लिटरहून अधिक, दिवसाला पोटात जाऊ लागले. आपण मोठे आरोग्यदायी काम करीत आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

जून २०२४ मध्ये नेहमीच्या तपासण्या केल्या. सौ. स्वतः पॅथॉलॉजिस्ट असल्याने माझे रक्त वर्षानुवर्षे त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्याच यंत्रावर तपासले जाते. मागच्या वर्षी १२६ असलेले एलडीएल १४८ झाले होते आणि २८ असलेले एसजीपीटी ५१. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “अहो, वजन तेवढंच आहे. तेल तेवढंच आहे. साखर तर तुम्ही बंद केलीत. मग हे कुठून आलं?”

हा प्रश्न माझ्यापुरता निव्वळ बौद्धिक नव्हता. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या पहिल्याच झटक्यात गेले. मी तेव्हा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होतो. त्या वयाच्या पुढे आलेले प्रत्येक वर्ष मी काहीशा अविश्वासाने मोजले आहे. हृदयरोगतज्ज्ञ मित्राने स्टॅटिन सुरू कर असे सांगितले, आणि ते योग्यही होते. पण आठ-नऊ महिन्यांत बदलले ते काय, हे कळल्याशिवाय औषध घेणे सौ.ना मान्य नव्हते. पॅथॉलॉजिस्टांचा हा स्वभावच असतो. स्वयंपाकघरात त्यांची नजर फिरत फिरत काचेच्या कपावर येऊन थांबली.

मग आम्ही दोघांनी वाचावयास घेतले. ही कथा जुनी आहे, आणि मी विद्यार्थिदशेत नाही तरी पुढे कुठेतरी वाचून विसरलो होतो. नॉर्वेच्या उत्तरेकडील ट्रोम्सो शहरातील चौदा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत कॉफी अधिक पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल अधिक असल्याचे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतर देशांत हा संबंध नीटसा दिसेना. उलगडा हळूहळू झाला. त्या भागात कॉफी भांड्यात उकळून, गाळ खाली बसवून, न गाळताच पीत असत. कॉफीच्या बीत तेल असते, आणि त्या तेलात कॅफेस्टॉल व काहवेऑल ही दोन द्रव्ये असतात. ती पाण्याबरोबर वर तरंगून पेल्यात येतात. मात्र कागदाच्या गाळणीत अडकून राहतात. यांतले कॅफेस्टॉल हे आपल्या आहारातील कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या द्रव्यांपैकी फार प्रबळ मानले जाते. ते आतड्यातील एफएक्सआर या ग्राहीला चेतवते आणि कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनण्याची क्रिया मंदावते, असे मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून दिसले आहे. दोष कॅफीनचा नाहीच, आणि म्हणून कॅफीन काढलेली कॉफी घेऊन या बाबतीत काही साधत नाही.

माझ्या अहवालाशी हुबेहूब जुळणारा पुरावा नेदरलँड्समधला होता आणि तो १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. सेहेचाळीस निरोगी माणसांना चोवीस आठवडे रोज ९०० मिलिलिटर कॉफी दिली; काहींना कागदातून गाळलेली, काहींना याच काचेच्या दट्ट्याची. दट्ट्याच्या कॉफीने एलडीएल ९ ते १४ टक्क्यांनी वाढले, आणि यकृताचे एएलटी, म्हणजे आपले एसजीपीटीही, चढले. कॉफी थांबवल्यावर वाढ ओसरली. सौ.नी तो लेख छापून माझ्या पुढ्यात ठेवला आणि एसजीपीटीच्या ओळीखाली शिसपेन्सिलीने रेघ मारली. त्यांना एलडीएलपेक्षा ते अधिक पटले होते.

माझ्यावर प्रयोग करावयाचे ठरले. पूड तीच, प्रमाण तेच, मग तेवढेच. फक्त काचेच्या कपाऐवजी चिनी मातीचे नरसाळे आणि त्यात कागदाची गाळणी. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतील टिपकागद वापरून ही युक्ती काढली. आज तिचे कागद आपल्या शहरातही सहज मिळतात. कॉफी भिजेल एवढे पाणी आधी घालून अर्धा मिनिट थांबायचे आणि मग उरलेले सावकाश, गोल फिरवत ओतायचे. पेला स्वच्छ आणि हलका उतरतो. तळाशी गाळ नाही, वर तेलाचा तवंग नाही. खरे सांगावयाचे तर पहिले पंधरा दिवस मला तो मिळमिळीत वाटला. ज्या दाट, तेलकट चवीने मला काचेच्या कपाची ओढ लावली होती, ती चव आणि माझे एलडीएल एकाच वस्तूचे होते, हे कळूनही जिभेला पटत नव्हते. दहा आठवड्यांनी रक्त दिले. एलडीएल १२९, एसजीपीटी ३०.

एका माणसावरचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. एलडीएल एकाच माणसात, काहीही न बदलता, आठ-दहा टक्के खालीवर होतेच. पण दोन्ही आकडे एकदम चढले आणि एकदम उतरले, आणि तेही प्रसिद्ध प्रयोगाने सांगितलेल्या मापाने, एवढे मी नोंदवतो. दिवसाला एखादाच पेला घेणाऱ्याने या भानगडीत पडण्याचे कारण नाही. तीन-चार मग घेणारा रुग्ण मात्र आता मला भेटला की ‘कॉफी पिता का?’ एवढ्यावर मी थांबत नाही, ‘कशातून गाळता?’ हेही विचारतो. नॉर्वेतील पाच लाखांहून अधिक लोकांचा सुमारे वीस वर्षांचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात गाळलेली कॉफी पिणाऱ्यांचा मृत्युदर कॉफी न पिणाऱ्यांहूनही कमी आढळला, न गाळलेलीचे चित्र तेवढे चांगले नव्हते. स्टॅटिन मी पुढे सुरू केलेच, वडिलांचा इतिहास आणि माझे वय पाहून. पण ते १२९ वर सुरू केले. कॉफीचा गाळ अंगावर घेऊन नव्हे.

आई आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि आमच्याकडे असते. या सगळ्या खटाटोपात तिने एकदाच विचारले, “कागदातून का गाळतोस? फडकं नाही का घरात?” मी तेव्हा हसण्यावारी नेले. पुढे २०२५ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांची मोजमापे वाचनात आली. ते मुख्यतः कचेऱ्यांतील कॉफीयंत्रे तपासत होते, आणि धातूची जाळी असलेल्या पुष्कळ यंत्रांतली कॉफी कागदातून गाळलेलीच्या कितीतरी पट अधिक कॅफेस्टॉल देते असे त्यांना दिसले. रुग्णालयांच्या मजल्यामजल्यांवर अशी यंत्रे ठेवणाऱ्यांनी हे पाहावे. पण माझी नजर अडली ती दुसऱ्याच ओळीवर. उकळलेल्या कॉफीत दर लिटरला ९३९ मिलिग्रॅम कॅफेस्टॉल होते. तीच कॉफी कापडातून गाळली तेव्हा २८. कागदाच्या गाळणीचा आकडा १२ च्या आसपास. म्हणजे उकळून फडक्यातून गाळणे, ही दांडिया बाजारातली कृती, कागदाच्या अगदी शेजारी जाऊन बसते. स्टीलची चहाची गाळणी घरात आली आणि फडके खुंटीवरून उतरले, तेव्हा आपण काय गमावले याचा विचार कोणी केला नव्हता. करण्याचे कारणही नव्हते.

आईला मी आकडे सांगितले. तिला त्याचे काही विशेष वाटले नाही. फडक्यातून गाळले नाही तर गाळ दातांत येतो, एवढेच तिचे म्हणणे.

इतर पद्धतींविषयी थोडक्यात. झटपट कॉफीत हे तेल जवळजवळ नसतेच, तेव्हा वसतिगृहातले आमचे पेले या बाबतीत निर्दोष होते; साखरेबद्दल बोलू नये. मामींचा पितळी फिल्टर मधल्या पायरीवरचा. त्याची छिद्रे धातूची, म्हणून कागदाइतके अडत नाही. पण अर्क थोडा आणि चिकोरीचा वाटा मोठा, त्यामुळे दिवसाचे दोन पेले मी निःशंकपणे देतो. इटलीत १९३३ पासून चालत आलेला मोका पॉट आणि एस्प्रेसो यांतही तेल उतरते, फक्त पेला लहान असतो. आणि आपल्यासारख्या दुधाच्या कॉफीवाल्यांनी एक हिशेब विसरू नये: सहा टक्के स्निग्धांशाचे दूध दीडशे मिलिलिटर घेतले की नऊ ग्रॅम मेद पोटात जातो, आणि त्यातला बराचसा संपृक्त असतो. तिथे कॅफेस्टॉल शोधत बसण्याआधी दुधाची पिशवी बदलावी.

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण माझ्याकडून ती अनेक वर्षे नीट सांगितली गेली नव्हती. जेवणाबरोबरची एक कप कॉफी त्या जेवणातील लोहाचे शोषण सुमारे ३९ टक्क्यांनी घटवते, आणि चहा ६४ टक्क्यांनी, असे १९८३ च्या एका प्रयोगात आढळले होते. जेवणाच्या तासभर आधी कॉफी घेतली तर परिणाम दिसला नाही. जेवणानंतर तासाभराने घेतली तरी मात्र तो तेवढाच. ‘जेवल्यावर थोड्या वेळाने घ्या’ असे मी रक्तक्षय झालेल्या कितीतरी स्त्रियांना सांगितले आहे. गरोदरपणात दिवसाकाठी २०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा पाळावी हे तर सर्वज्ञात आहेच. झोपेचे म्हणाल तर निजण्याच्या सहा तास आधी घेतलेले ४०० मिलिग्रॅम कॅफीनही तासाभराहून अधिक झोप खाते. गणपतीच्या बैठकीत मध्यरात्री कॉफी देणारे आमचे वाडवडील याबाबत अनभिज्ञ नव्हते. त्यांना माणसे जागीच ठेवावयाची होती.

सध्या आमच्याकडची व्यवस्था अशी. सकाळी कागद, रविवारी मामींचा फिल्टर, दुपारी चार वाजता आईची जायफळाची कॉफी, आणि त्यानंतर कोणतीही नाही. तिच्यासाठी सौ.नी जुन्या पंचाचे नवे फडके शिवले आहे आणि ते गॅलरीतल्या दोरीवर वाळत असते. पहिल्या महिन्यातच त्याला गेरूचा रंग येऊ लागला.

मागच्या खेपेस मुलगी आली तेव्हा तिने आल्याआल्या आपला काचेचा कप शोधला. तो माळ्यावर होता. सौ.नी काढून दिला. चार मिनिटांनी दट्ट्या दाबून ती मगमध्ये ओतणार, तेवढ्यात आजीने मगावर फडके धरले. मुलीने मुकाट्याने त्यातून कॉफी ओतली, घोट घेतला, पुन्हा एक घेतला आणि म्हणाली, “आजी, पातळ नाही झाली गं.”

“होणार कशी?” आई म्हणाली. “आता ते फडकं नुसतं झटकून वाळत घाल. पिळू नकोस.”